मराठी क्रियारूपे : अक्षरविभाग व प्रत्यय (सातारा-सांगली परिसर)

क्रियापदाचे रूप धातू आणि प्रत्यय यांच्या योगाने सिद्ध होते, हे व्याकरणाचे प्राथमिक तत्त्व होय. ‘उतरून’ या रूपात ‘उतर’ हा धातू व ‘ऊन’ हा प्रत्यय असा विभाग व्याकरण करते. बोलणारा मात्र हे रूप ‘उत्-रून’ असे दोन अक्षरांत उच्चारतो. व्याकरणाचा विभाग ‘र्’ नंतर पडतो, तर उच्चाराचा विभाग ‘त्’ नंतर. एकाच रूपाचे हे दोन विभाग एकमेकांशी जुळतातच असे नाही. त्यांच्यातील ओढाताणीमुळे शब्दांचे प्रत्यय बनतात, जुने प्रत्यय झिजतात आणि नवे उत्पन्न होतात. मराठीत ही घडामोड सुमारे हजार वर्षांच्या लेखी पुराव्यावरून दाखविता येते. सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या बोलण्यात ती आजही चालू आहे. ‘गेल्ता’, ‘आल्यात’, ‘करतुया’, ‘यील’ यांसारखी तेथील रूपे दीर्घकाळ केवळ अशुद्ध म्हणून बाजूला ठेवली गेली. वस्तुतः प्रमाण मराठीतील ‘गेला’, ‘करतो’, ‘करील’ ही रूपे ज्या मार्गाने बनली, त्याच मार्गाने ती बनलेली आहेत.

प्रदेश व पूर्वेतिहास : कृष्णा, कोयना, वारणा व माण या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला हा प्रदेश ऐतिहासिक दृष्ट्या एकसंध आहे. छत्रपतींचे सातारा राज्य १८४८ मध्ये इंग्रजांनी खालसा केले व त्याचा जिल्हा बनविला. वाळवे, तासगाव, खानापूर, शिराळे हे आज सांगलीत मोडणारे भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. सांगली व मिरज ही पटवर्धनांची संस्थाने, तसेच औंध व जत ही संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा नवा जिल्हा निर्माण करण्यात आला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. माण, खटाव व आटपाडी यांना सामावणारा माणदेश या जिल्हासीमेच्या दोन्ही बाजूंस पसरला आहे. पूर्वेस जत तालुक्यात कन्नड भाषकांची वस्ती मोठी आहे. पुढे दिलेली रूपे केवळ या दोन जिल्ह्यांतच आढळतात असे नाही. कोल्हापूर, सोलापूर व पुणे जिल्ह्यांच्या ग्रामीण भागांतही त्यांपैकी बरीचशी प्रचारात आहेत. तथापि ग्रामीण साहित्याच्या द्वारे ती छापील मराठीत मोठ्या प्रमाणावर आली, ती या परिसरातील लेखकांकडून.

लिपी व उच्चार : ‘अक्षर’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी योजिला जातो. लिपीतील एक चिन्ह हा एक अर्थ आणि एका स्वराभोवती गुंफलेला उच्चाराचा लहानात लहान घटक हा दुसरा. संस्कृतात या दोहोंत फारसे अंतर पडत नसे. शब्दातील कोणते व्यंजन कोणत्या स्वराचे अंग मानावे, याचा विचार वेदांच्या प्रातिशाख्यांत आला आहे. दोन स्वरांमधील एकटे व्यंजन पुढील स्वराकडे जाते आणि जोडाक्षरातील पहिले व्यंजन मागील स्वराकडे जाते, हा त्यातील सामान्य नियम होय. मराठीत मात्र शब्दाच्या शेवटचा व कित्येकदा मधला ‘अ’ उच्चारातून लोपला आणि लिपीत तसाच राहिला. त्यामुळे ‘करतो’ हा शब्द तीन चिन्हांनी लिहिला जात असला, तरी ‘कर्-तो’ असा दोन अक्षरांत उच्चारला जातो.

या लोपामुळे धातूचे उच्चारातील स्वरूप प्रत्ययागणिक बदलते. ‘समजतो’ यात ‘स-मज्-तो’ असा, तर ‘समजून’ यात ‘सम्-जून’ असा विभाग होतो. ‘विसरला’ याचा उच्चार ‘वि-सर्-ला’ असा, तर ‘विसरू’ याचा ‘विस्-रू’ असा होतो. व्यंजनाने आरंभ होणारा प्रत्यय लागला, तर धातूची सीमा व अक्षराची सीमा एकाच ठिकाणी येतात. स्वराने आरंभ होणारा प्रत्यय लागला, तर धातूचे अन्त्य व्यंजन त्या प्रत्ययाच्या अक्षरात ओढले जाते. लिपीत ‘समज’ व ‘विसर’ हे धातू दोन्ही ठिकाणी सारखेच दिसत असल्यामुळे हा भेद डोळ्यांस जाणवत नाही.

हे वैशिष्ट्य मराठीपुरते मर्यादित नाही. इटालियन भाषेत ‘मी बोलतो’ या अर्थाचे ‘पार्लो’ हे रूप ‘पार्-लो’ असे उच्चारले जाते. परंतु त्यातील धातू ‘पार्ल्’ व प्रत्यय ‘ओ’ असा आहे. ‘ते बोलतात’ या अर्थी येणारे ‘पार्लानो’ हे रूप ‘पार्-ला-नो’ असे तुटते. तेथेही धातूचे अन्त्य व्यंजन प्रत्ययाच्या अक्षरात जाऊन बसते. रोमन लिपीत व्यंजने व स्वर सुटे लिहिले जात असल्यामुळे हे विभाग तेथे दृष्टीस सहज पडतात. देवनागरीत व्यंजन व स्वर एकाच चिन्हात सामावलेले असल्याने मराठी व्याकरणकारास ते कानाने शोधावे लागतात.

प्रत्ययांची घडण : संस्कृतात क्रियापदाला लागणारे तिङ् प्रत्यय अठरा असून त्यांपैकी नऊ परस्मैपदाचे व नऊ आत्मनेपदाचे आहेत. भूतकाळाची तीन निरनिराळी रूपे होती : ‘अकरोत्’, ‘अकार्षीत्’ व ‘चकार’. प्राकृतांच्या काळात ही व्यवस्था विस्कळित झाली आणि भूतकाळाचे काम ‘कृत’, ‘गत’ यांसारख्या कृदन्तांनी आपल्याकडे घेतले. ‘तेन कृतम्’ या रचनेतून ‘त्याने केले’ ही रचना आली. म्हणूनच मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळी कर्त्याऐवजी कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. या कृदन्तांना प्राकृतात ‘इल्ल’ हा स्वार्थी प्रत्यय जोडला जाऊ लागला. ‘गत’ चे ‘गअ’, त्यास ‘इल्ल’ लागून ‘गइल्ल’ आणि पुढे ‘गेला’ अशी परंपरा सांगितली जाते. मुळात विशेष अर्थ नसलेला हा ‘ल’ पुढे मराठी भूतकाळाची ओळख ठरला.

या घडणीचा एक जुना लेखी पुरावा कर्नाटकातील श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या मूर्तीच्या पायाशी आहे. गंग राजांचा मंत्री चामुंडराय व होयसळांचा सेनापती गंगराज यांच्या नावांच्या तेथील दोन मराठी ओळींत ‘करवियलें’ हे क्रियारूप येते. त्यांतील दुसऱ्या ओळीत उल्लेखिलेले काम १११७ च्या सुमाराचे मानतात. या रूपात ‘कर’ हा धातू, ‘वि’ हा प्रयोजक प्रत्यय आणि कृदन्ताचा अवशेष ‘य’ व ‘लें’ असे अंश असून ‘क-र-वि-य-लें’ अशी पाच अक्षरे होती. पुढील मराठीत त्याचे ‘करविलें’ असे चार अक्षरांचे रूप झाले आणि आज ‘करवले’ हे ‘क-रव्-ले’ असे तीनच अक्षरांत उच्चारले जाते. प्रयोजकाचा ‘वि’ आता स्वतंत्र अक्षर राहिलेला नाही. त्यातील केवळ ‘व्’ धातूच्या शेवटी टिकला आहे. पाच अक्षरांची तीन अक्षरे होण्यास काही शतके लागली, परंतु अर्थात कोणताही बिघाड झाला नाही.

भविष्यकाळाची घडण याहूनही बोधप्रद आहे. संस्कृत ‘करोति’ याच्या प्राकृतातील ‘करइ’ या रूपापासून जुन्या मराठीत ‘करी’ हे वर्तमानकाळाचे रूप आले. पुढे वर्तमानकाळासाठी ‘करीत’ या कृदन्तापासून ‘करितो’, ‘करतो’ अशी रूपे रूढ झाली आणि ‘करी’ हे रूप पूर्वीची रीत सांगण्यापुरते उरले. त्याच ‘करी’ ला ‘ल’ जोडून ‘करील’ हे भविष्यकाळाचे रूप सिद्ध झाले. प्रथम पुरुषी एकवचनात ‘ल’ ऐवजी ‘न’ येऊन ‘करीन’ झाले. भूतकाळाचा ‘ल’ व भविष्यकाळाचा ‘ल’ दिसावयास एक असले, तरी त्यांचे कार्य भिन्न आहे. संस्कृतातील कर्मणी ‘य’ प्राकृतात ‘इज्ज’ झाला व जुन्या मराठीत ‘करिजे’, ‘बोलिजे’ अशा रूपांत वावरला. आज तो ‘पाहिजे’ व ‘म्हणजे’ या दोन शब्दांत गोठून राहिला आहे. ते शब्द वापरणाऱ्यास त्यांत कर्मणी प्रत्यय आहे याची जाणीवही राहिलेली नाही.

स्वतंत्र शब्दाचा प्रत्यय कसा होतो, याचे प्रसिद्ध उदाहरण इटालियन भविष्यकाळात आढळते. लॅटिन भाषेतील जुना भविष्यकाळ बोलीत मागे पडला आणि त्याच्या जागी ‘पाहावयाचे माझ्याकडे आहे’ अशा अर्थाची, ‘विदेरे’ (पाहणे) व ‘हाबेओ’ (माझ्याकडे आहे) या दोन शब्दांची रचना आली. इटालियनमध्ये ‘हाबेओ’ झिजून ‘ओ’ इतकाच उरला, त्यातील हकाराचा उच्चार लोपला, धातूचा मधला स्वर गळाला आणि ‘वेद्रो’ (मी पाहीन) हे दोन अक्षरांचे रूप बनले. आजच्या इटालियन व्याकरणात त्यातील ‘ओ’ हा सरळ भविष्यकाळाचा प्रत्यय म्हणून शिकविला जातो. हकाराचा लोप, मधल्या स्वराची गळती आणि दोन शब्दांचे एकीकरण या तिन्ही पायऱ्या सातारा-सांगलीकडील रूपांतही आढळतात.

व्याकरणविचाराचा इतिहास : मराठीच्या व्याकरणाचा प्राचीन प्रयत्न महानुभाव पंथातील भीष्माचार्य यांच्या ‘पंचवार्तिक’ या ग्रंथात दिसतो. पश्चिमी परंपरेतील आरंभीचा प्रयत्न गोव्यात झाला. रोम येथे जेझुइट संघात दाखल झालेले इंग्रज धर्मोपदेशक टॉमस स्टीफन्स यांनी रचलेले कोकणी भाषेचे पोर्तुगीज व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. विल्यम केरी यांचे मराठीचे इंग्रजी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे प्रसिद्ध झाले. मराठी भाषेत लिहिलेल्या व्याकरणांत दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ (१८३६) हे पायाभूत मानले जाते. इंग्रजी व्याकरणाचा आराखडा समोर ठेवून काळ व अर्थ यांच्या चौकटीत मराठी क्रियारूपे बसविण्याचा त्यांचा प्रयत्न होता. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी आपल्या निबंधांतून या व्याकरणाची चिकित्सा केली. ते निबंध १८९३ मध्ये ग्रंथरूपाने निघाले.

क्रियारूपांचे वर्गीकरण काळावरून न करता प्रत्ययावरून करावे, ही मराठी व्याकरणकारांची महत्त्वाची सूचना होय. ‘करतो’ यास ताख्यात, ‘केला’ यास लाख्यात, ‘करावा’ यास वाख्यात, ‘करी’ यास ई-आख्यात, ‘करू’ यास ऊ-आख्यात आणि ‘करील’ यास ईलाख्यात ही नावे त्या त्या प्रत्ययाच्या ध्वनीवरून पडली. एकच रूप निरनिराळे काळ व अर्थ दाखवू शकते, परंतु प्रत्यय मात्र कानाने निश्चित ओळखता येतो, हे या पद्धतीचे मर्म आहे. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात पूर्वीच्या सर्व मतांचा सविस्तर परामर्श घेतलेला आहे.

दरम्यान भाषेकडे ऐतिहासिक दृष्टीने पाहण्यास प्रारंभ झाला होता. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८७७ मध्ये दिलेल्या विल्सन व्याख्यानांत संस्कृतपासून आधुनिक भाषांपर्यंतचा रूपविकास मांडला. वि. का. राजवाडे यांनी आपल्याला सापडलेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रतीच्या आधारे जुन्या मराठीचे व्याकरण १९०९ मध्ये प्रसिद्ध केले. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील ग्रंथ १९२० मध्ये प्रकाशित झाला व त्याचे वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेले मराठी भाषांतर १९४१ मध्ये निघाले. अशोक केळकर यांनी १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात मराठीचा ध्वनिविचार व रूपविचार वर्णनात्मक पद्धतीने केला.

या सर्व अभ्यासात सातारा-सांगलीच्या बोलण्याची स्थिती मात्र विलक्षण राहिली. ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीतील मराठीचा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीत देशावरील मराठी ही प्रमाण भाषेशी निगडित मानली गेल्याने तिच्यातील ग्रामीण रूपांकडे बोली म्हणून स्वतंत्र लक्ष थोडे गेले. अ. मा. घाटगे यांनी १९६३ पासून प्रसिद्ध केलेल्या बोलींच्या पाहणीमालेत कुडाळी, महाडची कुणबी, वारली, कासारगोडची मराठी अशा मुख्यतः किनारपट्टीवरील व सीमेवरील बोली आल्या. प्रमाण भाषेला जवळची म्हणून या परिसराची भाषा बोली ठरली नाही आणि तिची क्रियारूपे वेगळी म्हणून ती प्रमाणही ठरली नाही. शाळेत तिची गणना चुकांमध्ये झाली.

परिसरातील क्रियारूपे : या रूपांचे चार मुख्य गट करता येतात. पहिला गट ‘गेला होता’ याच्या संक्षेपाचा. ‘गे-ला-हो-ता’ या चार अक्षरांतील हकार प्रथम दुबळा होऊन लोपतो, ‘ला’ मधील स्वर गळतो आणि ‘गेल्-ता’ हे दोन अक्षरांचे रूप उरते. त्याची ‘गेल्ती’, ‘गेल्तं’, ‘गेल्ते’ अशी लिंगवचनभेदाने रूपे होतात; ‘आल्ता’, ‘केल्तं’, ‘बसल्ती’ ही अशीच बनली आहेत. येथे केवळ उच्चार आखूड झालेला नाही. ‘गेला होता’ यात लिंग व वचन दोनदा दर्शविले जाते, एकदा ‘ला’ मध्ये व दुसऱ्यांदा ‘ता’ मध्ये. ‘गेल्ता’ यात ते एकदाच, शेवटी येते. ‘ल्त’ हा जोड आता भूतकाळापूर्वीच्या भूतकाळाचा अविभाज्य प्रत्यय झाला आहे. ‘गेला’ व ‘होता’ हे दोन शब्द पुन्हा वेगळे करून दाखविता येतील, परंतु बोलणाऱ्याच्या मनात ते वेगळे असतातच असे नाही.

दुसरा गट ‘आहे’ व ‘आहेत’ या सहायक क्रियापदांच्या झिजेतून बनला. ‘करतो आहे’ याची ‘कर्-तो-आ-हे’ ही चार अक्षरे शहरी बोलण्यात ‘करतोय’ या दोन अक्षरांवर येतात. सातारा-सांगलीकडे त्याचेच ‘करतोया’ किंवा ‘करतुया’ होते. हकार लोपल्यावर दोन स्वर लगत येतात व त्यांच्यामध्ये ‘य’ ही श्रुती उत्पन्न होते. ‘या’ हा प्रत्यय असा ‘आहे’ या संपूर्ण शब्दाचा अवशेष आहे. ‘आले आहेत’ व ‘आल्या आहेत’ या दोहोंचे ‘आल्यात’ असे एकच रूप होते. पहिल्यात ‘ले’ मधील एकार पुढील आकाराशी मिळून ‘य’ बनतो. दुसऱ्यात ‘ल्या’ आधीचाच असतो. परिणामी ‘पाहुणे आल्यात’ व ‘बाया आल्यात’ या वाक्यांत पुल्लिंग व स्त्रीलिंग यांचा भेद क्रियारूपावरून कळत नाही. ध्वनीतील बदल व्याकरणातील भेद कसा पुसून टाकतो, याचे हे स्पष्ट उदाहरण होय.

तिसरा गट भविष्यकाळाचा. ‘येईल’, ‘देईल’, ‘घेईल’ यांत धातूचा अन्त्य एकार व प्रत्ययाचा आद्य ईकार शेजारी येतात. ते एकजीव होऊन ‘यील’, ‘दील’, ‘घील’ अशी एकाक्षरी रूपे होतात. अशा रूपात धातू कोठे संपला व प्रत्यय कोठे सुरू झाला, हे सांगणे अशक्य होते. याच्या उलट ‘पाहिजे’ या गोठलेल्या रूपाचे उच्चारात ‘पायजे’ होऊन काही ठिकाणी त्याला पुन्हा ‘ल’ जोडला जातो व ‘पायजेल’ असे रूप ऐकू येते. मुळात कर्मणी वर्तमानकाळाचे असलेले हे रूप सामान्य धातूप्रमाणे वागविले गेले आणि ‘करील’, ‘जाईल’ यांच्या सादृश्याने त्याला भविष्यकाळाचा प्रत्यय मिळाला. जुन्या मराठीत ‘करी’ पासून ‘करील’ झाले, तेही वर्तमानकाळाच्या रूपाला ‘ल’ जोडूनच.

चौथा गट ‘करायलाय’, ‘करायलायस’ यांसारख्या रूपांचा असून तो सांगली-मिरज व त्यापलीकडे कोल्हापूर, सोलापूर या भागांत विशेष ऐकू येतो. हेतू दाखविणारे ‘करायला’ हे कृदन्त व ‘आहे’ याचा अवशेष ‘य’ यांच्या संयोगाने चालू क्रियेचा अर्थ येथे व्यक्त होतो. यातील ‘ला’ भूतकाळाचा नसून विभक्तीचा आहे. तरीही कानाला तो ‘गेलाय’, ‘आलाय’ यांतील ‘ला’ सारखाच लागतो. एकाच ध्वनीचे असे निरनिराळे प्रत्यय संदर्भावरूनच ओळखावे लागतात.

शुद्धाशुद्धतेचा प्रश्न : क्रियारूपांचा हा विचार केवळ तांत्रिक राहिला नाही, तो सामाजिक प्रश्नाशी जोडला गेला. महात्मा जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. त्यांनी आपल्या ग्रंथांत बोलभाषेस जवळचे गद्य योजिले. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी आपल्या ‘निबंधमाले’त (१८७४–८१) फुल्यांच्या लेखनाचा उपहास करताना त्यांच्या व्याकरणावरही बोट ठेवले. लेखकाच्या विचारांऐवजी त्याच्या भाषेवरून त्याची योग्यता जोखण्याचा हा प्रघात पुढे दीर्घकाळ टिकला.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ मध्ये तिचे केंद्र साताऱ्यास आले. तिच्या वसतिगृहांतून व शाळांतून शेतकरी व दलित समाजांतील मुले मोठ्या संख्येने शिकू लागली. घरी ‘गेल्ता’ म्हणणाऱ्या मुलास पाठ्यपुस्तकातील ‘गेला होता’ हे रूप शिकणे आवश्यकच होते, कारण राज्यव्यवहार व विद्या यांची ती समाईक भाषा होती. परंतु नवे रूप शिकणे आणि घरचे रूप हीन मानणे या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. ‘गेल्ता’ हे रूप आळसाने वा अज्ञानाने बनलेले नाही, ते नियमाने बनलेले आहे. ते ऐकून कोणीही ‘आल्ता’, ‘बसल्ता’, ‘उठल्ता’ ही रूपे अचूक बनवू शकतो. जे नियमाने बनते त्यास व्याकरण असते.

प्रमाण लेखनाच्या इतिहासातही बोलण्यातील रूपांना हळूहळू स्थान मिळत गेले. ‘केलें’, ‘करणें’ यांवरील अनुस्वार उच्चारातून लोपल्यावरही लेखनात कायम होते. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेल्या व १९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाने मान्य केलेल्या लेखनविषयक नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले आणि त्याबरोबरच संवादात बोलण्यातील उच्चार दाखविण्यासाठी ‘असं’, ‘केलं’ अशा लेखनास मुभा दिली. १९७२ मध्ये या नियमांत भर घालण्यात आली. ‘केलं’ हा अन्त्य उच्चार पुण्याच्या सुशिक्षितांच्या तोंडी होता, त्यामुळे त्यास लेखनात मार्ग मिळाला. ‘केल्तं’ या रूपाला तो नियमांनी नव्हे, तर साहित्याने मिळवून दिला.

व्यंकटेश माडगूळकर यांचे गाव माडगुळे हे माणदेशातील. ‘माणदेशी माणसं’ (१९४९) व ‘बनगरवाडी’ (१९५५) यांतील पात्रांचे बोलणे त्यांनी त्या त्या माणसाच्या तोंडी असेल तसे लिहिले. वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे यांनी ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीतून आणि आटपाडीचे शंकरराव खरात यांनी आपल्या कथांतून व ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) या आत्मचरित्रातून या परिसराचे जीवन व त्याची भाषा छापील पानावर आणली. हे लेखन करताना प्रत्येक लेखकास अक्षरविभागाचा प्रश्न प्रत्यक्ष सोडवावा लागला : ‘गेलता’ लिहावे की ‘गेल्ता’, ‘करतोया’ की ‘करतुया’? पहिल्या पद्धतीत लिपीची सवय राखली जाते, दुसऱ्या पद्धतीत उच्चार राखला जातो. सर्वसंमत पद्धत अद्याप ठरलेली नाही आणि एकाच रूपाची दोन-तीन लेखने छापील साहित्यात सर्रास आढळतात.

इटलीतही बोली व प्रमाण भाषा यांचा असाच वाद अनेक शतके चालला. पिएत्रो बेंबो यांनी १५२५ मध्ये चौदाव्या शतकातील फ्लॉरेन्सच्या लेखकांची भाषा आदर्श म्हणून पुढे केली. फ्लॉरेन्सच्या क्रुस्का अकादमीचा शब्दकोश १६१२ मध्ये निघाला. आलेस्सांद्रो मान्झोनी यांनी १८४० च्या सुमारास आपली कादंबरी फ्लॉरेन्सच्या समकालीन बोलण्यास अनुसरून नव्याने लिहून काढली. तेथे झिजलेले ‘वेद्रो’ हेच रूप ग्रंथभाषेतही प्रमाण ठरले, कारण ज्या शहराचे बोलणे आदर्श मानले गेले तेथे ते रूढ होते. मराठीत पुण्याकडील सुशिक्षितांचे बोलणे आदर्श मानले गेले, म्हणून ‘गेल्ता’ प्रमाण ठरले नाही. दोन्ही रूपांची घडण एकाच जातीची आहे. त्यांच्या प्रतिष्ठेतील अंतर भाषेच्या नियमांनी नव्हे, तर इतिहासाने पाडले आहे.

सद्यःस्थिती : शिक्षण, आकाशवाणी, दूरदर्शन व शहरांकडील स्थलांतर यांमुळे या परिसरातील तरुण पिढी प्रमाण रूपे व घरची रूपे प्रसंगानुसार आलटून पालटून वापरते. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेतले. त्यात जिल्ह्याजिल्ह्यांतील बोलणे ध्वनिमुद्रित करून क्रियारूपांचीही नोंद घेण्यात आली. त्यामुळे प्रमाण भाषेलगतच्या जिल्ह्यांचे बोलणेही अभ्यासाच्या कक्षेत आले. केंद्र शासनाने २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तो तिच्या प्राचीनतेच्या पुराव्यांवरून. शिलालेख व पोथ्या हे त्या पुराव्याचे लेखी अंग होय. ‘करवियलें’ पासून ‘करवले’ पर्यंतची वाट लेखांतून दिसते. ‘गेला होता’ पासून ‘गेल्ता’ पर्यंतची वाट माण, कृष्णा व वारणा यांच्या काठच्या गावांत आजही कानांनी ऐकता येते.